मुरलेली फळी

२०१८ सालचा मे महिना. चिखलीत शकुंतलाबाईंनी कैरीचं लोणचं घालून आठ दिवस झाले होते आणि बारा किलोची चिनी मातीची बरणी अजून स्वयंपाकघरात जमिनीवर, मुंग्यांच्या वाटेतच बसली होती. बरणी सासूबाईंची. त्यांनाही ती त्यांच्या सासूकडून आलेली. 'माझ्या हातून नको फुटायला,' एवढंच शकुंतलाबाईंचं देवाजवळ मागणं.

फळी ठोकायला मोतीराम सुतार येणार होता. तो गुढीपाडव्यापासून येणार होता. शेवटी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेले लक्ष्मीकांतराव स्वतःच उठले.

"सुतार काय आभायातून पडते? मी बसवतो फळी. हत्ती बसला तरी हालनार नाही!"

त्यांनी जुन्या पलंगाची सागवानी फळी कापली, रंधा मारला, लोखंडी ब्रॅकेट आणले आणि चार बोल्ट घेतले, चांगले सहा इंची. जोडघर विकताना मधली भिंत नऊ इंची असल्याचं बांधणाऱ्यानं सांगितलं होतं. ती चारच इंची होती. पण हे त्या दिवशी कुणाला कळायला मार्ग नव्हता, कारण पलीकडचे पंजाबराव आणि सत्यभामाबाई भाचीच्या लग्नाला अमडापूरला गेले होते.

फळी बसली, पण डुगडुगायची.

"अहो, हालून राह्यली ही."

"लोणचं कसं मुरते? तशी फळी बी मुरते. आठ दिवस थांब."

शकुंतलाबाई थांबल्या. आणि खरोखर, आठव्या दिवशी फळी अशी घट्ट झाली की लक्ष्मीकांतराव तिला लोंबकळून दाखवायला निघाले. "मुरली!" असं गल्लीभर सांगून आले. बरणी फळीवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी चार बोटं पुढं आलेली दिसली. शकुंतलाबाईंनी ती मागं सारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुढं.

"तुम्ही लोणच्याले हात लावला काय?"

"मी काऊन लावू? मले पित्त हाय."

शकुंतलाबाईंनी बरणीभोवती हळदीची रेघ ओढली. सकाळी आठपर्यंत बरणी रेघेत होती. साडेआठला अर्धी बाहेर. लक्ष्मीकांतरावांनी ओळंबा लावला, पाणी भरलेली बाटली आडवी ठेवून पाहिली. फळी सरळ होती.

"हे गणितात बसत नाही," ते म्हणाले आणि पेपर वाचायला गेले. शकुंतलाबाईंना मात्र वाटलं, वर गेलेल्या सासूबाईंना लोणच्यात मीठ कमी वाटलं असावं.

रविवारी त्या चहाचा कप घेऊन बरणीवर पहारा देत बसल्या. पाहतात तो काय, कोपऱ्यातल्या बोल्टचं डोकं हळूच फिरलं. आपलं आपणच.

"अहो! लवकर या!"

लक्ष्मीकांतराव अर्धी दाढी झालेली घेऊन आले. "थकली तू. चष्म्याचा नंबर..." एवढ्यात बोल्ट पुन्हा फिरला. त्यांनी पाना आणला आणि जोर लावून बोल्ट उलटा फिरवला. तो परत सुलटा फिरला. त्यांनी पुन्हा उलटा फिरवला. फळी करकरली. शकुंतलाबाईंनी बरणीला मिठी मारली.

"सोडा तो पाना! माही बरणी पडन!"

भिंतीतून बारीक आवाज आला. "अहो, पहा बाप्पा, बोल्ट उलटा फिरून राह्यला! मोतीरामले फोन लावा!"

"सत्यभामावहिनी?" शकुंतलाबाई भिंतीला म्हणाल्या.

पलीकडून भीत भीत आवाज आला, "कोन हाय वो?"

"मी शकुंतला! तुम्ही आमचा बोल्ट काऊन पिळून राह्यल्या?"

"तुमचा? मोतीरामनं बसवला हा!"

बरणी आधी जमिनीवर उतरवून दोघं पलीकडे गेले. तिथं बरोबर त्याच उंचीवर, त्याच चार बोल्टांना नट घालून दुसरी फळी बसवलेली. तिच्यावर मिक्सर. सत्यभामाबाई रोज आठ वाजता त्यात चटणी वाटायच्या. त्या हादऱ्यानं नट सैल व्हायचे, म्हणून आज त्या ते आवळत होत्या.

मोतीरामला बोलावणं गेलं. त्यानं डोकं खाजवलं. लग्नाला जाताना पंजाबरावांनी त्याच्याकडेच किल्ली देऊन फळी ठोकायला सांगितलं होतं. तो अर्थातच गेला नव्हता. परत आल्यावर पंजाबरावांना भिंतीत बोल्ट दिसले, म्हणून त्यांनी फोन केला, "अर्धं काम केलं, आता फळी लाव." मोतीरामनं जाऊन नट आवळून फळी लावली, आणि आठव्या दिवशी इकडची फळी 'मुरली' ती अशी.

"पन तू बोल्ट बसवलेच नव्हते ना बे?" पंजाबराव म्हणाले.

"दहा घरी अर्धी कामं हायत, भाऊ. मले वाटलं, बसवले असतीन मीच."

"मग काढ ही फळी!" लक्ष्मीकांतराव गरजले.

मोतीरामनं दोन्ही घरांत जाऊन फळ्या हलवून पाहिल्या. "काढतो. पन एक काढली का दुसरी पडन, मास्तर. एकमेकीले धरून हायत ह्या."

मग असं ठरलं, की मिक्सर लावण्याआधी सत्यभामाबाईंनी भिंतीवर दोन टिचक्या माराव्या आणि शकुंतलाबाईंनी येऊन बरणी धरावी. पाच वर्षं हे रोज चाललं. टिचक्यांबरोबर भाजीची चौकशी व्हायची आणि सुनांची निंदाही.

मोतीराम आता नव्या गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगतो, "मजबूत पाहिजे असन, तर शेजाऱ्याले बी विचारा." येतो मात्र अजूनही त्याला वाटेल तेव्हाच. लक्ष्मीकांतरावांनी पाना कायमचा माळ्यावर टाकला. फळी मुरली होती, हे मत त्यांनी आजही सोडलेलं नाही. २०२३ मध्ये पंजाबराव आणि सत्यभामाबाई मुलाकडे धामणगाव बढेला राहायला गेले आणि घराची किल्ली, यावेळी मोतीरामकडे नाही, शकुंतलाबाईंकडे ठेवली.

मिक्सरसकट सामान गेलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात इकडची फळी बोटभर झुकली. शकुंतलाबाईंनी थोडा विचार केला, किल्ली घेतली आणि लोणच्याची धाकटी बरणी पलीकडच्या रिकाम्या फळीवर नेऊन ठेवली. फळी सरळ झाली.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. "वहिनी, तुमच्या फळीवर लोणचं ठेवलं बरं. वजनासाठी."

"ठेवा ना बाई. दिवाळीले येतो तवा थोडं घिऊन जाईन."

"थोडंच न्या हो," शकुंतलाबाई घाईनं म्हणाल्या. "नाई तर माही बरणी पडन."