विस्तव-बचतीचे पहिले बक्षीस

जो कोळसा जळला नाही तोच देशाच्या कामी आला, असे आमचे खाते मानते. मी खात्यात कारकून असल्यामुळे मीही मानतो. १९५८ साली परळच्या तेरा नंबरच्या सरकारी चाळीत इंधन वाचेल अशी दुरुस्ती करण्यासाठी नऊ जणांची समिती नेमली गेली. नऊही सभासद माटुंग्याला स्वतंत्र ब्लॉकांत राहत असल्यामुळे चाळीविषयी त्यांची मते अगदी निःपक्षपाती होती.

आधी पाहणी झाली. दुसऱ्या मजल्यावर वीस खोल्या, वीस शेगड्या. पहाटे पाच ते सहा या वेळात ओढलेल्या आगकाड्या: एक. (आकडा तीनदा तपासला.) ती काडी खोली नंबर एकमधली जाईबाई ओढत असे. तिचा नवरा गिरणीत माग चालवायचा, तो वारला होता, मूलबाळ नव्हते, भिंतीवर बुद्धाची नवीकोरी तसबीर होती. तिची शेगडी फुलली की एकोणीस खोल्यांतल्या बायका पत्र्याचा तुकडा नाहीतर फुटकी पळी घेऊन येत, एकेक निखारा नेत आणि तिच्या टोपलीत कोळशाचा एकेक खडा टाकत. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत वीस घरांचा चहा झालेला असे. काही कोकणी घरांना जाईबाईच्या हातचे पाणी चालत नव्हते. विस्तव चालत होता. (का, ते पाहणीच्या कक्षेबाहेर होते.)

वीस घरे एका काडीवर चालतात, यावरून समितीने एकमताने निष्कर्ष काढला की एकोणीस घरे परक्या विस्तवावर जगतात. शिवाय दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. भल्या पहाटे बायका दारोदार विस्तव नेतात, हे पोलिसांनाही कळवणे भाग होते. मुंबई कुणाची हे ठरायला अजून वेळ आहे, तोवर मुंबईतला विस्तव कुणाचा एवढे तरी ठरवून टाकू, असे अध्यक्ष ताटकेसाहेब म्हणाले.

जाईबाईलाही रीतसर विचारले.

"इस्तू काय कुना एकाचा आसतोय व्हय, सायेब?" ती म्हणाली. "येत्यात, नेत्यात. त्या निमतानं बरी हायेस का, म्हून इचारत्यात."

हे मी 'इतर माहिती'च्या रकान्यात लिहिले.

सहा महिन्यांत दुरुस्ती झाली आणि खरोखर अप्रतिम झाली. प्रत्येक खोलीत धुराड्यासकट बांधलेली बंद चूल आली. दारांवरच्या जाळ्या विटांनी बुजवल्या. आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दारांना आपोआप मिटणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या. (परळमध्ये, मे महिन्यात, ऊब कशाला वाचवायची, असे एका भाडेकरूने विचारले. त्याचे नाव टिपून घेतले.) नियम सातप्रमाणे विस्तवाची देवघेव बंद झाली. दाराबाहेर पाटी टांगली. चूल पेटवली की पाटीवर खडूने रेघ मारायची. सर्वांत कमी रेघांच्या खोलीला बक्षीस.

आता वीस घरांत वीस काड्या ओढल्या जाऊ लागल्या. कोळसा दीडपट लागू लागला. पण तो वीस पाट्यांवर वाटला गेल्यामुळे कुठल्याही एका पाटीवर फारसा दिसत नसे, आणि बचत म्हणतात ती हीच.

रोज सकाळी दहा वाजता मी गॅलरीतून पाट्या वाचत जाई. दार वाजवायची मनाई होती, कारण दार उघडले की ऊब जाते.

श्रावणातल्या एका सोमवारी खोली नंबर एकच्या पाटीवर रेघ नव्हती. मी 'शून्य' लिहिले. मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य, आणि पुढे 'उत्तम' हा शेरा. खात्याच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. मला म्हातारीचे कौतुक वाटले, हे लपवत नाही.

गुरुवारी ताटकेसाहेब प्रशस्तिपत्र आणि फोटोग्राफर घेऊन आले. विशेष परवानगीने दार वाजवले. पुन्हा वाजवले. शेजारच्या खोलीतली लक्ष्मी बाहेर आली आणि तिने दार नुसते ढकलले. कडी लावलेलीच नव्हती. दार स्प्रिंगने मिटले होते, एवढेच.

जाईबाई चुलीपाशी पडली होती. अंग तापाने फणफणलेले.

"जाईबाय, गे जाईबाय!" लक्ष्मी रडत म्हणाली. "माका वाटला, तू गावाक गेलंस!" तिने म्हातारीचे डोके मांडीवर घेतले, तिच्याच माठातले पाणी तिला पाजले आणि तांब्यात उरलेले स्वतः प्यायली. (हेही कक्षेबाहेर.)

"इस्तू न्यायाला कुनी आलंच न्हाई," जाईबाई पुटपुटली. "म्हटलं, येकटीसाठी कशाला पेटवू?"

फोटो काढला नाही.

जाईबाई वाचली. बारा दिवसांनी ती इस्पितळातून परतली. दुसऱ्या दिवशी पहाटे लक्ष्मीने तिच्या दाराला वीट लावून ते उघडे ठेवले, जुनी शेगडी बाहेर काढली, आणि एकोणीस खोल्यांनी मिळून नियम सात मोडला. योजना फसली, असे मी अहवालात लिहिले. त्या तीन शून्यांखाली सही माझी होती.

मात्र खात्याचे श्रम वाया गेलेले नाहीत. जिथे समिती कधी गेलीच नाही, अशा सुशिक्षित वस्त्यांत लोकांनी ही योजना आपण होऊन अमलात आणली आहे. स्वतंत्र चूल, बुजवलेली जाळी, मिटलेले दार. वाचकहो, आपले घरही त्यांतलेच असावे. तेव्हा एक शेवटची नोंद तेवढी करून द्या: आपल्या शेजारच्या घरात आज चूल पेटली का?

माहीत नसेल तर शून्य लिहा. हाच प्रश्न आम्ही आपल्या शेजाऱ्यांनाही विचारला आहे. त्यांनी शून्यच लिहिले आहे.