शेवंताबाईंचा अर्धा मिलिमीटर

शेवंताबाई वर्कशॉपमध्ये शिरल्या की आधी लेथ मशीनला जयभीम करत, मग मला. एकदा प्राचार्य स्वतः दारात उभे होते. त्यांना ओलांडून बाई थेट मशीनकडे गेल्या.

"बाई, मी इथे उभा आहे," प्राचार्य म्हणाले.

"तुमची तब्येत बरी दिसते साहेब. हिचा आवाज बसून राह्यला."

खरोखरच बसला होता. बेअरिंग गेलं होतं.

मी तेव्हा त्या प्रशिक्षण संस्थेत फिटरचं काम शिकवणारा निदेशक होतो. वर्गात सगळे अठरा-वीस वर्षांचे आणि त्यांच्यात या पंचेचाळिशीच्या बाई. चामोर्शीजवळ त्यांची घरची धानाची गिरणी होती. ऐन हंगामात ती बंद पडली की चंद्रपूरचा मेकॅनिक "निघालोच" म्हणायचा आणि चार दिवस निघतच राहायचा. "त्याच्या निघण्याले कंटाळून आलो सर," असं त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं.

ड्रिल मशीनला त्या सासूबाई म्हणत, कारण ती एकदा लागली की आरपार गेल्याशिवाय थांबत नसे. ग्राइंडरच्या ठिणगीने पदर जळाला, तेव्हापासून त्याच्याशी अबोला. तेल देताना मात्र प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवत. "घे माय, लाजू नको."

धानाच्या रोवणीसाठी त्या गावी राहिल्या, म्हणून त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मी मागाहून एकट्यांची घेतली. लोखंडाचा ठोकळा कानशीने घासून नेमक्या मापाचा करायचा होता. मी मापाचं वर्नियर लावलं. अर्धा मिलिमीटर कमी! एरवी प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालणाऱ्या बाईंनी ठोकळा उलटसुलट पाहिला आणि म्हटलं, "असन सर." मी त्यांना नापास केलं. वर्गात हसत हसत सांगितलंही. पोरांनी त्यांचं नावच 'अर्धा मिलिमीटर' पाडलं.

संध्याकाळी आवरताना मी वर्नियर मिटलं, तर शून्याला शून्य जुळेना; नेमकं अर्धा मिलिमीटर कमी दाखवत होतं. आदल्या दिवशी ते माझ्याच हातून फरशीवर पडलं होतं. माप घेण्याआधी शून्य बघा, हे मी रोज ओरडून शिकवायचो. ते वर्नियर कपाटाच्या तळाशी ढकललं आणि गप्प बसलो. बाई सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसल्या, पास झाल्या, गावी गेल्या. मी निवृत्त झालो. पण मनातून ते जाईना.

परवा एसटीने त्यांच्या गिरणीवर गेलो. बाई पट्ट्यापाशी वाकून कुणालातरी दटावत होत्या. जवळ जाऊन पाहिलं, तर माणूस कुणीच नव्हतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील, नाहीतर शिव्या तरी देतील. त्यांनी गिरणी बंद केली. हात पुसले.

"मंजे माप बराबर होतं?"

"तंतोतंत."

"मले तसंच वाटे. पण तुम्ही म्हटलं, तर माह्याच डोळ्यात खोट असन." त्यांनी पट्ट्यावरचा भुसा झटकला. "तवापासून एकेक माप तीन-तीन खेपा घेतो मी सर. घरचे हासतेत. आता एकदाच घेतलं, तर चालन?"