बीपीच्या गोळ्यांचं पुण्य

आमच्या गावात बीपी वाढायचं असेल तर ते आधी मला विचारतं, एवढा माझा दरारा. मी लमाई, गावची आरोग्यसेविका. पंधरा घरं माझ्याकडे. दर महिन्याला यंत्र काखोटीला मारून निघते, दंडाला पट्टा गुंडाळते आणि कुणी गोळी चुकवल्याचा नुसता संशय आला की पाण्याचा पेला पुढे करते. "घ्या. माझ्यासमोर घ्या."

तर या महिन्यात खाम्पानकाकांचं बीपी निघालं एकशे अठ्ठ्याहत्तर. माझं धाबंच दणाणलं. गेल्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ अशाच वाढलेल्या बीपीनं भाताच्या बांधावर कोसळले, ते अजून अंथरुणाला खिळून आहेत.

"काका, गोळ्या घेता ना?"

"घरात एक उरली असेल तर दाखव," काका म्हणाले.

मी सगळं घर धुंडाळलं, खारवलेल्या मासळीच्या बरणीतसुद्धा डोकावले. एक गोळी नाही. पुढच्या घरी गेले तर तिथंही बीपी चढलेलं आणि गोळ्या संपलेल्या. अशी चार घरं झाली. म्हटलं, यंत्रच बिघडलंय. खात्री करायला पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. एकशे बहात्तर! मग शंकाच उरली नाही. आरोग्यसेविकेचं बीपी कुठं वाढतं का? उपकेंद्रातल्या सुनिसा नर्सला फोन करून यंत्राच्या नावानं असा शंख केला की ती बिचारी नवं यंत्र घेऊन स्वतः आली. नव्यावरही तेच आकडे.

सुनिसानं खाम्पानकाकांसमोर बसकण मारली. "काका, खरं काय ते सांगा."

काकांनी मान खाली घातली. नातीनं बँकॉकहून मेसेज धाडला होता की बीपीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर कॅन्सर होतो. काकांनी तो वाचला आणि गावभर पाठवला.

"मग गोळ्या गेल्या कुठं?" मी विचारलं.

"फुकट मिळालेलं औषध टाकवत नाही गं. सकाळी विहारातले भन्ते भिक्षेला येतात, त्यांच्या पात्रात भातासोबत वाढल्या. सगळ्यांनीच वाढल्या."

"म्हणजे कॅन्सर होईल म्हणून आपण खायच्या नाहीत, आणि भन्तेंना वाढायच्या?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. ते आणि भन्ते लहानपणी एकाच म्हशीवर बसून हिंडलेले. काका अनवाणीच विहाराकडे सुटले, मागोमाग आम्ही दोघी.

भन्ते चहा पीत बसले होते. काकांनी लोटांगण घातलं. "माझ्या गोळ्या खाल्ल्यास का रे? म्हणजे, खाल्ल्यात का?"

"तुझ्या कशाला खाऊ? मला माझ्या आहेत. अकरा वर्षं रोज एक घेतोय."

"अकरा वर्षं? आणि कॅन्सर?"

"ते हिला विचार."

सुनिसा म्हणाली, "काही वर्षांपूर्वी अशा काही गोळ्यांच्या ठरावीक साठ्यात कॅन्सरची भीती असलेला पदार्थ सापडला, ते साठे परत मागवले. तुमच्या गोळ्या त्यातल्या नाहीत. लाखो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलंय, या गोळ्यांनी कॅन्सर वाढल्याचं ठाम दिसलेलं नाही. पण गोळी सोडून बीपी चढलं की काय होतं, ते तुमच्या थोरल्या भावाकडे बघा. शंका आली तर मला विचारा, गोळी सोडू नका."

"आणि तू आधी गेलास," भन्ते म्हणाले, "तर माझ्याशी भांडणार कोण?"

काकांनी उपरण्यानं डोळे पुसले. पण कामाचं विसरून मला कसं चालेल? "भन्ते, त्या गोळ्या परत मिळतील?"

"दान परत मागता येत नाही. पण मी माझ्या हातानं देऊ शकतो."

त्यांनी कपाट उघडलं. आत दोन डबे भरून पाकिटं, प्रत्येकावर दवाखान्यानं छापलेलं नाव आणि वय. सुनिसानं ती तपासून दिली आणि भन्तेंनी विहाराचा भोंगा चालू केला. एकेक नाव, एकेक वय. माणसं खाली मान घालून येत होती आणि मी कंबरेवर हात ठेवून प्रत्येकाला डोळे वटारत होते.

"लमाई. वय चोपन्न."

सगळा विहार माझ्याकडे बघायला लागला. आता काय सांगू? काकांचा मेसेज मलाही आला होता.

खाम्पानकाका उठले. त्यांनी पेलाभर पाणी आणलं आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"घे, पोरी. माझ्यासमोर घे."

मी मुकाट्यानं गिळली. त्या जुन्या यंत्राची माफी तेवढी मागायची राहिली आहे.