मूळ मालक रूबेनकाका

रूबेनकाका थळकर दर रविवारी एका नव्या चर्चमध्ये जायचे, प्रार्थना संपेपर्यंत पहिल्या बाकावर ताठ बसायचे आणि बाहेर पडताना दारातल्या पाद्र्याचा हात हातात घेऊन सांगायचे, "व्हेरी वेल मेंटेन्ड. इट इज अवर्स, बट व्हेरी वेल मेंटेन्ड."

पाद्री हसायचा. कॅनडातला पाद्री काहीही ऐकलं तरी आधी हसतोच. मग हे गृहस्थ नक्की कोण, सिटीकडून तपासणीला आलेत की काय, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागायचा. तेवढ्यात मी काकांचा कोपर धरून त्यांना पार्किंगकडे न्यायची. कारण ड्रायव्हर मीच. एटोबिकोच्या थंडीत एक म्हातारा माणूस रविवारच्या बसची वाट बघत उभा आहे, हे मला एकदा पाहवलं नाही, आणि मी गाडी थांबवली. माझा नवरा रविवारी अकरापर्यंत उठत नाही आणि गाडी रिकामीच असते, हे काकांनी त्याच फेरीत माझ्याकडून काढून घेतलं.

काका आमच्याच मजल्यावर वन-बेडरूममध्ये एकटे राहत. मूळचे अलिबागजवळचे, बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने ज्यांना शनिवार तेली म्हटलं, ते. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ, की माझ्या सातारी हेलावर ते उघडउघड नाक मुरडत. आयुष्यभर त्यांनी मुंबईत इमारती तपासायची नोकरी केली होती. रिटायर झाले तरी सवय सुटली नव्हती. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा बसायच्या आधी वॉशरूमची भिंत बोटाने ठोकून म्हणाले, "वैशाली, हिच्या आत पाणी आहे." होतंच. दुरुस्तीला तीन आठवडे लागले.

ख्रिस्ती धर्माचीही त्यांनी अशीच तपासणी केली होती.

"पाया कुणाचा?" ते गाडीत बसल्या बसल्या विचारत. उत्तर मी द्यायचं नसे. "येशू कोण? ज्यू. आई ज्यू, बारा शिष्य ज्यू. आठव्या दिवशी सुंता झालेला मुलगा. यरुशलेममध्ये पहिलं चर्च निघालं, त्यात एक तरी ख्रिश्चन होता का?"

"असणारच ना काका. चर्च होतं म्हणजे..."

"एक नाही. सगळे आमचे. मंदिरात प्रार्थनेला जाणारे, शनिवार पाळणारे. अध्यक्ष कोण, तर येशूचा भाऊ याकोब. तळमजला पूर्ण आमचा. वरचे मजले पौलाने चढवले." पौलाचं नाव आलं की ते जरा थांबत. एखाद्या हुशार पण न ऐकणाऱ्या बिल्डरबद्दल बोलावं तसा त्यांचा सूर लागे. "तोही आमचाच. राहुट्या शिवायचा. माणूस कर्तबगार, पण एफएसआय बघितला नाही."

आमच्या जवळच्या एका चर्चमध्ये हिवाळ्यात 'सुरुवातीचं चर्च' या विषयावर दर बुधवारी वर्ग भरत असे. शिकवायचे रेव्हरंड डग, पस्तिशीचे, उंच, फार सज्जन. काका विद्यार्थी म्हणून गेले. दुसऱ्या बुधवारी डगनी, परक्या, म्हणजे ज्यू नसलेल्या, लोकांना चर्चमध्ये घेताना यरुशलेममध्ये काय वाद झाला, ते सांगायला सुरुवात केली. काकांनी हात वर केला आणि हात खाली यायच्या आत उभे राहिले.

"इट वॉज अ सोसायटी मीटिंग," काका म्हणाले. "जनरल बॉडी. ओन्ली वन पॉइंट ऑन द अजेंडा. न्यू मेंबर्स आर कमिंग. कटिंग कंपल्सरी, ऑर नॉट?"

समोरच्या रांगेतल्या दोन आजोबांनी पाय जवळ घेतले.

"पीटर स्पोक. पॉल स्पोक. एव्हरीबडी शाउटिंग. देन जेम्स, ब्रदर ऑफ जीझस, चेअरमन, गेव्ह द रूलिंग. कटिंग इज वेव्ह्ड. फोर स्मॉल रूल्स, फिनिश. नेक्स्ट मॉर्निंग, लाँग लाइन फॉर मेंबरशिप."

वर्ग हसून हसून बेजार झाला. डग म्हणाले की पाद्री होण्याच्या शिक्षणात हे समजून घ्यायला त्यांना अख्खी टर्म लागली होती. तिसऱ्या बुधवारपासून काकांची खुर्ची डगच्या शेजारी असे, आणि हे आपलं काही विशेष नाही अशा चेहऱ्याने ते तिच्यावर बसत. स्वतःच्या म्हणण्याबद्दल त्यांना कधी शंका आल्याचं मी पाहिलं नाही. मार्कहॅमची चर्च झाली, ब्रॅम्पटनची झाली, मिसिसागाची तर मोजदादच नव्हती. सगळीकडे तेच: पाया आमचा, तुम्ही छान ठेवलाय.

फक्त ग्वेल्फच्या एका चर्चला ते कधी गेले नव्हते. तिथे त्यांची मुलगी जाते.

बायको वारल्यावर काका मुंबई सोडून मुलीकडे, रिबेकाकडे, ग्वेल्फला राहायला आले होते. जावई स्कॉट तिथलाच. तीन वर्षं बरी गेली. मग रिबेकाने बाप्तिस्मा घेतला. भांडण झालं नाही. "रिबू, मी जरा वेगळा राहून बघतो," एवढंच म्हणून काका दोन बॅगा घेऊन एटोबिकोला आले. दर शुक्रवारी दिवस मावळायच्या, म्हणजे काकांचा शनिवार लागायच्या, आधी तिचा फोन यायचा. बर्फ किती, विंटर टायर बदलले का, गोळ्या घेतल्या का, एवढं बोलून दोघं फोन ठेवत. चर्च बघायचा हा नाद कधीपासूनचा, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "एटोबिकोला आल्यापासूनचा." मला काय ते तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी सॉफ्टवेअरमधली बाई, उलगडून सांगितल्याशिवाय मला कळत नाही.

मे महिन्यात एक दिवस काकांनी माझ्या किचन टेबलावर एक पाकीट ठेवलं. "वाच."

रिबेकाच्या सहा महिन्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा होता, पेंटेकॉस्टच्या सणाला, रविवारी. कार्डाखाली तिने मराठीत, शाळकरी गोल अक्षरात लिहिलं होतं: पप्पा, या ना.

"सण मुळात आमचाच आहे, चर्चने नंतर उचलला," काका म्हणाले. "दिवस बरोबर निवडलाय." मग बराच वेळ कप फिरवत बसले. "प्रत्यक्ष येशूची सुंता झाली, वैशाली. माझ्या नातवाची झाली नाही."

हे ते हसवायला बोलले नव्हते.

"मी जाणार नाही," ते म्हणाले.

"मग मला कशाला दाखवताय?"

"गाडी तुझी आहे म्हणून."

पुढचे दोन आठवडे ते जाणार नव्हते. न जाण्यासाठी त्यांनी नवे बूट घेतले, केस कापले आणि ग्वेल्फच्या रस्त्याचा नकाशा लायब्ररीतून छापून आणला. त्या रविवारी सकाळी आठला दारात टाय लावून उभे. "आत जायचं नाही. इमारत बाहेरून बघू आणि येऊ."

तासभर गाडी चालवून आम्ही पोचलो. दगडी, बुटकं, जुनं चर्च. काकांनी त्याला पूर्ण फेरी मारली, पन्हळी पाहिल्या, दगडांच्या सांध्यात नख घालून पाहिलं. मग पायरीशी येऊन थांबले ते थांबलेच. आतून प्रार्थनेचा आवाज येत होता. माझा स्वभाव तापट आहे, आणि त्या दिवशी नाश्ताही झाला नव्हता.

"काका, तुम्ही बघत बसा. मी आत चालले," मी म्हणाले आणि गेले. मागे नव्या बुटांचा आवाज आला.

आम्ही शेवटच्या बाकावर खांबाआड बसलो. शेवटच्या बाकावर बसलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले. पाद्रीणबाईंनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, बाळाने भोकाड पसरलं. रिबेका सगळ्या बाकांवरून नजर फिरवत होती. आम्ही तिला दिसलो नाही. काकांनी मान खाली घातली होती.

मग पाद्रीणबाई म्हणाल्या, "पीस बी विथ यू." या वेळी सगळे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी हात मिळवतात, हे मला आता पाठ होतं. इथे मात्र काहीतरी निराळं चाललं होतं. पहिल्या बाकावर रिबेकाने नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, सोडला आणि स्वतःची बोटं ओठांना लावली. स्कॉटने मागे वळून तेच केलं. त्याच्या मागच्या हॉकी जॅकेटवाल्याने तेच. असं बाकामागून बाक ते आमच्याकडे सरकत आलं. पुढच्या बाकावरच्या पांढऱ्या केसांच्या आजीबाई वळल्या, त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आपली बोटं ओठांना लावली.

काका माझ्या कानाशी वाकले. "हातबोशी," ते मला म्हणाले. "आमच्या मशिदीत करतात. प्रार्थना झाली की." कोकणातले ज्यू आपल्या प्रार्थनाघराला मशीद म्हणतात, हे मला माहीत होतं. हातबोशी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ते आजीबाईंकडे वळले. "मॅडम, हू टॉट यू धिस?"

"ओह, धिस? आवर बेकी, द बेबीज मॉम," आजीबाई म्हणाल्या. "इट्स हाउ हर पीपल डू इट, बॅक इन इंडिया. इट्स सपोज्ड टू स्टार्ट विथ द ओल्डेस्ट. हर डॅड डझन्ट कम, सो शी स्टार्ट्स इट फॉर हिम. एव्हरी संडे."

काका उठले. सगळे पुन्हा खाली बसत होते, पाद्रीणबाईंनी पुढचं पान उघडलं होतं, आणि हा माणूस मधल्या वाटेने थेट पुढे निघाला. नवे बूट लाकडी फरशीवर करकर वाजत होते. पाद्रीणबाई थांबल्या. रिबेकाने वळून पाहिलं.

"रिबू," काका म्हणाले, आणि त्या शांततेत मला शेवटच्या बाकावर स्पष्ट ऐकू आलं, "मोठ्यांपासून सुरू करायची असते."

"मग वेळेवर यायचं ना, पप्पा," ती म्हणाली. तिने हात पुढे केला.

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि पुष्कळ वेळाने सोडून बोटं ओठांना लावली. मग बाळाची ओली मूठ हातात घेतली. मग स्कॉटचा हात. स्कॉट मागे वळला, आणि कुणी काही सांगितलं नसताना ते सगळं चर्च पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पाद्रीणबाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

शेवटच्या बाकापर्यंत यायला हातबोशीला बराच वेळ लागला. आजीबाईंनी माझा हात धरला, तेव्हा मी रडत होते.