आधी काय व्हतं?

पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा सोनवणेतात्यांनी चिवड्याच्या बशीला हात लावला नाही. फळीवरच्या डब्याकडे बोट करून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "वैनी, त्या डब्यात आधी काय व्हतं?"

"लाडू होते," सुमन म्हणाली.

"त्याच्या आधी?"

"शंकरपाळी."

"आनि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी माझं लग्न व्हायचं होतं, तात्या."

तात्यांनी मान डोलावली. उठून डबा खाली काढला, झाकणाचा वास घेतला आणि मगच एक शेंगदाणा तोंडात टाकला. थोडा वेळ थांबले. काही झालं नाही असं पाहून उरलेली बशी संपवली.

नव्वदच्या आसपास माझी बदली कोयनानगरला झाली. मी मूळचा कुंडलचा, सपाट उसाच्या रानातला. घाटाची वळणं चढून धरणाच्या वसाहतीत आलो आणि आवक-जावकच्या टेबलावर कारकून म्हणून बसलो. तात्या तिथले स्टोअरकीपर. त्यांचं क्वार्टर आमच्या भिंतीला लागून, अंगण दोघांत एकच. घरात ते एकटे. बायको कधीच वारली होती, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढे कुणी विचारत नसे. वसाहतीत प्रश्न विचारायचं खातं तात्यांकडे होतं.

बाजारात मेथीची जुडी उचलली की भाजीवालीला विचारायचे, "ही कसल्या पान्यावर वाढलीया?" नवीन इंजिनिअरसाहेब हजर झाले तेव्हा तात्यांनी त्यांनाही विचारलं, "सायेब, हितं यायच्या आधी काय व्हता?" साहेब म्हणाले, "विद्यार्थी होतो." तात्यांनी त्यांना त्या दिवशी टेबल दिलं. खुर्ची आठ दिवसांनी दिली. "म्हनलं, आंदाज घ्यावा," असं मला मागाहून सांगितलं.

पण तात्यांचा खरा कस लागायचा तो चटईवर.

कोयनेला राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे जमीन अधूनमधून हलते. भांडी वाजली की माणसं घाई न करता गॅस बंद करतात, पोर काखेला मारतात आणि अंगणात येऊन बसतात. तासभर गप्पा होतात, मग आत जातात. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगणात काहीतरी अंथरायला असतं. तात्यांच्या अंगणात काहीच नव्हतं. ते उभे राहायचे.

"एकदा मनासारखी चटई मिळू द्या," म्हणायचे. "कायमची भाईर टाकनार. जमीन हालल्यावर चटई आनायला आत जायचं व्हय?"

मुद्दा बरोबर होता. पण कोयनेच्या पावसात सतरंजी कुजते, बांबूच्या चटईला बुरशी धरते, घोंगडं चार दिवसांत वासानेच उठवतं. म्हणजे प्लॅस्टिक आलं. आणि नवं प्लॅस्टिक तात्यांना चालत नव्हतं. "नवं कशापायी करायचं? जुनंच मरंना झालंय. नदीकडंला जाऊन बघ, झाडांना पिशव्या लागल्यात, आंबं लागल्यागत." तेव्हा चटई जुन्या, टाकाऊ मालाचीच हवी. फक्त तो माल आधी काय होता, ते कळलं पाहिजे.

दर दिवाळीनंतर फलटणचा एक चटईवाला सायकलवर गुंडाळ्या लादून यायचा. पहिल्या वर्षी त्याने बिचाऱ्याने छाती ठोकून सांगितलं, "तात्या, एकदम कोरा माल!"

"कोरा? मग न्हे परत."

दुसऱ्या वर्षी तो शहाणा होऊन आला. "जुन्याचीच हाय तात्या. पार भंगारातली!"

"कसल्या भंगारातली?"

"बादल्या व्हत्या."

"बादल्यांत काय व्हतं?"

"पानी आसंल की."

"आसंल?" तात्यांनी असं म्हटलं की समोरच्याला स्वतःच्या नावाचीही खात्री वाटेना. मग तपासणी सुरू झाली. कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवला आणि धुराचा वास घेतला. कोपरा उकळत्या पाण्यात बुडवून त्या वाफेचा वास घेतला. ओल्या पांढऱ्या रुमालाने रंग घासून पाहिला. शेवटी धोतर वर करून आपली पिंडरी चटईवर टेकवली आणि खाज सुटते का, ते बघत अर्धा तास बसून राहिले. चटईवाला तोवर आमच्या घरचा दुसरा चहा पीत होता.

"आवं तात्या," तो न राहवून म्हणाला, "तुमी चटई घेताय का सोयरीक जुळवताय? किती पिढ्या काढायच्या?"

"सोयरीक मोडता येती, गड्या," तात्या म्हणाले आणि चटई परत गुंडाळून दिली. तिसऱ्या वर्षी तो आमच्या ओळीत फिरकलाच नाही.

इथवरचं मी कितीदा तरी लोकांना हसत सांगितलं आहे. पुढचं कधी सांगितलं नाही. सुमनलाही नाही.

एकदा मी स्टोअरला कोऱ्या कागदांचं एक रीम मागितलं. तात्यांनी चार माणसांत विचारलं, "आधीच्या रिमाचं काय केलंस?" मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी कपाटामागून जुन्या, रद्द झालेल्या फॉर्मांचा पिवळट गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि माझ्या हातात ठेवला. "पाठकोरं हाईत. ह्याच्यावर लिव्ह. कोरं कशाला नासायचं?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसू माझ्या मनात सलत राहिलं.

त्याच पावसाळ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. रोज संध्याकाळी कामावरून येताना तात्यांचं पोट सुटलेलं असायचं आणि सकाळी जाताना ते सपाट असायचं. अंगावर रेनकोट, दोन्ही हात पोटावर दाबलेले, चाल सांभाळून. घरात शिरले की दार लावायचे. भिंतीला कान लावला की आतून सर्रर्र, सर्रर्र असा आवाज यायचा. त्या दिवसांत स्टोअरमधून तांब्याची तार कमी झाल्याची कुजबूज होतीच. मी दोन आणि दोन चार केले. जो माणूस सगळ्या जगावर संशय घेतो, तोच चोर निघावा, याचा मला किती आनंद झाला होता! मला खरंच चोरी दिसली होती, की ती तिथे असावी असं मला वाटत होतं? हा प्रश्न मी आता विचारतो. तेव्हा विचारला नाही.

मी निनावी पत्र लिहिलं. 'स्टोअरकीपर सोनवणे रोज सरकारी माल रेनकोटाखाली लपवून घरी नेतात.' अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. खाली सही केली, 'एक हितचिंतक'. आणि साताऱ्याच्या कचेरीचा पत्ता घालून, पाटणला जाऊन टपालपेटीत टाकलं.

महिन्याभराने त्या तक्रारीवरून चौकशीचा आदेश आला. आवकच्या टेबलावर आला, म्हणजे माझ्याच. त्यावर शिक्का मीच मारला.

साताऱ्याहून चौकशीचे साहेब आले. जबाब लिहून घ्यायला चांगल्या अक्षराचा माणूस हवा होता. तात्यांनी माझंच नाव सुचवलं. "ह्याचं अक्षर मोत्यावानी हाय, सायेब." साहेब, तात्या आणि मी असे तिघे त्यांच्या घरात शिरलो. मी तांब्याची वेटोळी शोधत होतो.

आत जमिनीवर एक अर्धवट विणलेली चटई पसरली होती. निळी, पिवळी आणि पांढरी. यंत्रांची खोकी स्टोअरला येतात ना, त्यांना आवळायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. कापून टाकलेल्या त्या पट्ट्या आजवर मागच्या आवारात जाळल्या जायच्या. तात्या त्या गोळा करून धुवायचे, स्टोअरच्या माळ्यावर वाळवायचे आणि घरी आणून विणायचे. उभ्या दोऱ्याला साखरेच्या पोत्यांचे धागे उसवून वळले होते.

"रेनकोटाखाली का?" साहेबांनी विचारलं.

"तीनदा धुऊन वाळिवलेलं पुन्यांदा भिजू ने म्हून."

प्रत्येक गुंडाळीचा गेटपास त्यांनी ठेवला होता, 'निकामी, जाळण्याजोगे' असा शेरा असलेला. तरी साहेब म्हणाले की चौकशी पुरी होईपर्यंत चटई जप्त करावी लागेल. तात्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. पेन्शन अडकू शकत होतं. "फकस्त उन्हात टाकू नका, सायेब," तात्या एवढंच म्हणाले.

मग त्यांनी तक्रारीचा कागद बघायला मागितला. हातात घेतला, वास घेतला, उजेडापुढे धरला आणि सवयीने म्हणाले, "हे आधी काय व्हतं?"

साहेब हसले. तात्यांनी कागद उलटा केला. पाठीमागे जुन्या फॉर्मच्या जांभळ्या छपाईच्या चार ओळी होत्या. मथळा मी फाडून टाकला होता, खालचा भाग फाडायचं सुचलं नव्हतं. तो पिवळट गठ्ठा तात्यांनी साऱ्या वसाहतीत एकाच माणसाला दिला होता. माझ्या हातातलं पेन थांबलं.

"काय न्हाई," तात्या म्हणाले. "जुना कागद हाय. चांगला टिकलाय." आणि परत दिला. मी स्वतःला समजावलं की त्यांनी ओळखलं नाही.

चटई जीपमधून गेली. त्यानंतर पंधरा दिवसांत, एका रविवारी दुपारी, जमीन हलली. नेहमीपेक्षा जरा जास्तच. मांडणीवरून पातेली खाली आली. आम्ही बाहेर पडलो. माझी चिमी तेव्हा तीन वर्षांची. तात्यांनी दारातच तिला माझ्याकडून घेतलं. पाऊस नुकताच उघडला होता, अंगणात चिखल होता. मी लाकडांमागचं एक रिकामं पोतं ओढलं, झटकलं आणि अंथरलं.

"बसवा तिला, तात्या."

"हे आधी काय व्हतं?"

"पोतं आहे हो. साधं पोतं."

"कशाचं?"

मला माहीत नव्हतं. तात्यांनी चिमीला खाली ठेवलं नाही. तासभर तसेच उभे राहिले. साठीला टेकलेला माणूस.

"भरून आले असतील हात. द्या इकडं," सुमन म्हणाली.

"ऱ्हाऊ दे, वैनी." मग कुणाकडेही न बघता बोलायला लागले. "सदुसष्टच्या थोरल्या भूकंपात घर पडलं. पन आमी तिघंबी भाईर आलो व्हतो. खरचटलंसुदीक न्हाई. लय दिस उघड्यावरच ऱ्हायचं व्हतं. पोरीला गार लागतंय म्हून मी स्टोअरातनं रिकामी पोती आनली. दोन खाली, एक वर. कसल्या पावडरीची व्हती कुनाला ठावं. चार दिसांनी तिच्या आंगावर उठलं. मग धाप लागली. डाक्टर इचारतोय, पोतं कशाचं व्हतं सांग, म्हंजी औषिद देतो. मी स्टोअरातला मानूस. मला सांगता येईना."

चिमी त्यांच्या रेनकोटाच्या बटणाशी खेळत होती.

"हिच्याएवढीच व्हती," तात्या म्हणाले.

सुमन रडायला लागली. मी ते पोतं गोळा करून लाकडांमागे टाकलं आणि पुन्हा येऊन उभा राहिलो. त्या क्षणी बोलायला हवं होतं.

गेटपास खरे निघाले, चौकशी मिटली आणि चटई परत आली. कुठल्याशा कोपऱ्यात पडून तिला वास लागला होता. तात्यांनी ती पुन्हा तीनदा धुतली. स्वतःच्याच चटईचा धागा जाळून पाहिला आणि स्वतःचीच पिंडरी तिच्यावर अर्धा तास टेकवून बसले. मग राहिलेला भाग विणला. ती त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत पुरली.

निवृत्त झाल्यावर ते फलटणला भाच्याकडे जायला निघाले. ट्रंक बाहेर काढली आणि मला हाक मारली. चटईच्या कडेला स्टोअरच्या पद्धतीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने बांधली होती. वर एका कडेला तारेने शिवलेला प्लॅस्टिकचा कागद. त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'अंगणातील चटई, नग एक. आधी काय होतं: पंपांच्या खोक्यांच्या पट्ट्या. साखरेची पोती. दुसरं काही नाही.' त्याखाली, 'घेणाराची सही'.

आज मी सांगलीत आहे. ती चटई माझ्या दारापुढे आहे, तिच्यावर बसूनच हे लिहितो आहे. येणारे जाणारे विचारतात, कुठून घेतली, कशाची आहे. मी चिठ्ठी दाखवतो. त्यातली ती सही पाहून कुणीतरी हमखास हसतं.

त्या दिवशी मी चिठ्ठी गुडघ्यावर घेतली, वरचं प्लॅस्टिक उचललं आणि खिशातलं पेन काढलं. तात्या खाली वाकून चटईची कड सरळ करत होते. चिमी आधीच मधोमध जाऊन बसली होती.

"कर की सही," ते म्हणाले. मग मान वर न करताच, हलक्या आवाजात म्हणाले, "डाव्या हातानं केलीस तरी चालंल, गड्या. वळीखतो मी."

मी उजव्या हातानेच सही केली. ती डाव्या हाताची असल्यासारखी आली.