माईंचा घसा बसला तेव्हा

तात्या गाडी बाहेर काढायला निघाले की आमच्या रहाटणीच्या सोसायटीत लोक आपापल्या स्कूटर उचलून कडेला घेतात. कुत्रीसुद्धा जागा बदलतात. तात्यांना वाटतं, हा आपला मान आहे!

सत्तरी कधीच उलटली, पण रुबाब कमी होईल तर शपथ. "चाकणच्या कंपनीची बस चालवलीय म्या, भरल्या शिफ्टची! आपल्या गाडीला ओरखडा न्हाई." गाडीचा बंपर सुतळीने बांधलेला आहे. त्याचं काय, असं विचारलं तर म्हणतात, "त्यो खांबच पुढं आला, राव."

त्यांची बायको माई. त्या शेजारी बसतात आणि अखंड बोलतात. "अवो, ह्यो पुढचा टेम्पो किती रेंगाळतोय!" तात्या ब्रेक दाबतात. "ह्या लाल सिग्नलचा उगा खोळंबा, बाई!" तात्या थांबतात. "गाडीत बसली की हिच्या तोंडाला कुलूप न्हाई," तात्या मागे बसलेल्या माझ्याकडे, त्यांच्या शेजाऱ्याकडे, वळून सांगायचे. पुढे बघा हो तात्या! मी मागे जीव मुठीत धरून बसायचो. गाडी खरं कोण चालवतंय हे एकदा लक्षात आलं आणि मी माईंना मनोमन हात जोडले.

मग माईंचा घसा बसला. आवाजच फुटेना. तात्या त्यांना डॉक्टरकडे घेऊन निघाले आणि थेट कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याच्या ढिगात शिरले. रस्ताभर शहाळी! तात्या उतरून त्याच्याशीच भांडायला लागले, "रस्त्यात दुकान मांडतोस व्हय रं?" तेवढ्यात माईंच्या कपाळावरचं टेंगूळ त्यांना दिसलं. भांडण तिथेच टाकून ते माईंचं कपाळ चोळायला लागले.

संध्याकाळी माझ्या दारात आले. चावी माझ्या हातात कोंबून म्हणाले, "आता तू चालवायची. आमी मागं बसनार."

माईंचा आवाज परत आल्यावर मी दोघांना चऱ्होलीला लेकीकडे घेऊन निघालो. माई खिडकीशी गप्प बसल्या होत्या. बोलायची आता गरजच नव्हती ना. तात्यांची मात्र चुळबुळ चालली होती. शेवटी त्यांनी चाचपडत माईंचा हात धरला.

"गप का गं बसलीस? भाईर काय हाय, सांग की. मला लांबचं कायबी दिसत न्हाई."

तात्यांच्या तोंडून हे! आरशात बघायचा धीर होईना.

"पवनेचा पूल आलाय," माई हळूच म्हणाल्या. "पानी हाय बरं का."

मी गाडी हळू केली.