देताना बोटही हलवू नये

फायव्हलची शिडी शेजारच्या झेलिगने उसनी नेली, रस्त्यातच विसरली, आणि कचऱ्याच्या गाडीने तिचा चुराडा केला. शिडी उचलण्याआधी झेलिग म्हणाला होता, "घसा कोरडा पडलाय रे, घोटभर पाणी दे आधी." फायव्हलने दिलं आणि तिथेच तो फसला. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, निवाडा दिला की, वस्तू उसनी जाताना तिचा मालकच घेणाऱ्याच्या कामाला लागलेला असेल, तर पुढे वस्तूचं काहीही होवो, भरपाई नाही. पाणी देणं हे कामच. शास्त्र हजारो वर्षांचं आहे. झेलिगला ते नेमकं त्या दिवशी आठवलं होतं.

तेव्हापासून मागेल त्याला फायव्हल वस्तू द्यायचा, कारण नाही म्हणणं हेही वाईटच. पण देताना बोट हलवायचा नाही. इस्राएलमधल्या ब्ने ब्राक गावातल्या त्या इमारतीतले लोक त्याच्या घरातून इस्त्री, खुर्च्या, मोठं पातेलं आपापलं शोधून न्यायचे. तो हात पाठीमागे बांधून बघत राहायचा.

"लोक तुम्हाला माणूसघाणे म्हणतात," त्याची बायको ब्लूमा म्हणाली. "आपल्या मुलाची, नफ्तालीची, दोन स्थळं गेली. आता जेरुसलेमचं आलंय. मुलीकडच्यांनी शेजारी चौकशी केली तर काय सांगतील?"

"शिडी गेली, हे सांगतील."

गुरुवारी दुपारी ब्लूमा बाजारात गेलेली, बाहेर पाऊस कोसळत होता. चार मजले चढून धापा टाकत एक भिजलेले गृहस्थ दारात उभे राहिले.

"छत्री मिळेल का उसनी? आणि त्याआधी जरा पाणी..."

फायव्हलने कान टवकारले. "नळ तिकडे. पेला फळीवर. छत्री या दाराआड. सगळं हाताने घ्या."

"तुम्ही पाणी दिलंत तर काय होईल?"

"तुम्ही छत्री हरवाल, आणि मी बोंबलत बसेन."

गृहस्थांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग स्वतः पाणी घेतलं, देवाचे आभार पुटपुटले, प्यायले आणि छत्रीकडे वळले. तेवढ्यात जिन्यातला दर थोड्या वेळाने आपोआप बंद होणारा दिवा विझला.

"अहो, दिवा लावता का? पायऱ्या दिसत नाहीत."

फायव्हलने बटण दाबलं. गृहस्थांनी छत्री उचलली.

संध्याकाळी फोन ठेवून ब्लूमा मटकन खाली बसली.

"दुपारी आलेले ते मुलीचे वडील होते! आणि तुम्ही त्यांना पेला शोधायला लावलात!"

फायव्हलचा चेहरा उतरला. "नाही म्हणाले?"

"हो म्हणाले! म्हणे, ज्या घरात दारात उभ्या उभ्या शास्त्र पाळतात, तिथला मुलगा अडाणी नसणार."

फायव्हलने दाढीवरून हात फिरवला. "आणि छत्री?"

"बसमध्ये विसरले. भरपाई देणार नाहीत. ते छत्री उचलत होते, तेव्हा तुम्ही त्यांच्यासाठी दिवा लावत होतात म्हणे." ब्लूमाने नाक मुरडलं. "हा तर त्या झेलिगच्याच जातीचा निघाला!"

"असं बोलू नये," फायव्हल गंभीरपणे म्हणाला. "व्याही विद्वान आहेत."